मेडिकल टाकताय? आधी पेनकिलरचा ग्राहक समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मेडिकल स्टोअरच्या धंद्यावर बोललो. जागा, परवाना, भांडवल, स्टॉकिस्ट एवढ्यातच वेळ संपला. एक विषय मी मुद्दाम लेखासाठी मागे ठेवला होता, कारण तो घाईत सांगण्यासारखा नाही. विषय आहे, चिठ्ठी न घेता काउंटरवर येऊन पेनकिलर मागणारा ग्राहक.

तुम्ही म्हणाल, दहा-वीस रुपयांच्या गोळीवर एवढा मोठा लेख? हो. कारण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ग्राहक येतो तेव्हा निर्णय डॉक्टरांनी घेतलेला असतो, दुकान फक्त औषध काढून देतं. डोकं दुखतंय, गुडघा दुखतोय, दाढ ठणकतेय म्हणून माणूस थेट तुमच्या काउंटरवर येतो, तेव्हा मात्र काय द्यायचं, किती द्यायचं, की काहीच द्यायचं नाही, हा निर्णय तुमच्या दुकानात होतो. तिथेच तुमच्या दुकानाचा स्वभाव कळतो.

लेखाचं सांगणं एका ओळीत आधीच देतो: पेनकिलर विकून मेडिकल चालत नाही, पण पेनकिलर कशी विकता त्यावर मेडिकल चालतं. का ते पुढे हिशोबासकट बघू.

एक खुलासा. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. औषधांची इथली माहिती धंदा समजण्यापुरती आहे. ती वाचून कुणाला औषध सुचवू नका. ते काम तुमच्या फार्मासिस्टचं आणि डॉक्टरांचं.

१. काउंटरवर नेमकं काय घडतं?

एका मित्राच्या मेडिकलमध्ये मी संध्याकाळी सहा ते नऊ असा नुसता बसून राहिलो. तुम्हालाही हेच करायला सांगणार आहे, शेवटी गृहपाठ आहे. पेनकिलर मागणारे ग्राहक मला पाच प्रकारचे दिसले.

पहिला, नाव घेऊन मागणारा. "दोन क्रोसिन द्या." "एक कॉम्बिफ्लॅम." "डोलोची स्ट्रिप." हा ग्राहक औषध मागत नाही, ब्रँड मागतो. क्रोसिन आणि डोलो या दोन्हींमध्ये पॅरासिटॅमॉलच आहे, हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

दुसरा, रिकामी स्ट्रिप दाखवणारा. पाकिटातून चुरगळलेली स्ट्रिप काढतो आणि म्हणतो, "हीच द्या." दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी तो अजून घेत असतो.

तिसरा, त्रास सांगणारा. दिवसभर काम करून आलेला माणूस म्हणतो, "अंग लई दुखतंय, कायतरी द्या." त्याने निर्णय पूर्णपणे तुमच्यावर सोपवलेला असतो.

चौथा, "स्ट्राँग" मागणारा. "साधी नको, ती लागू पडत नाही. स्ट्राँग द्या." साधी गोळी का लागू पडत नाही, हा खरा प्रश्न असतो. तो कुणी विचारत नाही.

पाचवा, दुसऱ्यासाठी घेणारा. शेजारची मुलगी आजीसाठी, नवरा बायकोसाठी, वॉचमन साहेबांसाठी. दुखणं ज्याचं आहे तो माणूस समोर नसतोच.

या पाचही जणांचं काम मिनिटभरात उरकतं. पैसे टाकले, गोळी घेतली, गेला. या मिनिटात दुकानदाराने किती प्रश्न विचारले? त्या संध्याकाळी मी ऐकलेला जास्तीत जास्त प्रश्न होता, "सुट्टे आहेत का?"

२. तो डॉक्टरकडे का जात नाही?

काही जण म्हणतात, लोक अडाणी आहेत, मनाने औषधं घेतात. मला हे पटत नाही. ग्राहकाला नावं ठेवणाऱ्याला धंदा जमत नाही.

हिशोब बघा. समजा दवाखान्याची फी २०० रुपये, रांगेत दोन तास, रोजंदारीचा माणूस असेल तर अर्ध्या दिवसाचा खाडा. दुसऱ्या बाजूला चार रुपयांच्या दोन गोळ्या आणि पाच मिनिटं. साध्या डोकेदुखीला तो डॉक्टरकडे गेला नाही, तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. अधूनमधून डोकं दुखलं, कणकण आली, तर योग्य प्रमाणात पॅरासिटॅमॉल घेणं जगभर चालतं.

आता या ग्राहकाची मानसिकता समजून घ्या. तो दुखण्यात आहे. त्याला आराम आत्ता हवाय. तो घासाघीस करत नाही, दोन दुकानं फिरत नाही, पाकिटावरचं बारीक वाचत नाही. अ‍ॅपवर २० टक्के सूट असली तरी रात्री दहाला दाढ ठणकते तेव्हा तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येच येतो. म्हणजे त्या क्षणी तो सगळ्यात सोपा ग्राहक आहे आणि सगळ्यात असहायही. अशा ग्राहकाला काहीही विकता येतं. म्हणूनच काय विकायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

३. रॅकवर काय काय असतं?

"पेनकिलर" हा एक शब्द आहे, पण रॅकवर वेगवेगळी कुळं असतात. मालकाला एवढी ओळख हवीच.

पॅरासिटॅमॉल: ताप आणि साधं दुखणं. ५०० आणि ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या जास्त चालतात. पोटाला तुलनेने सौम्य. पण प्रमाण ओलांडलं तर यकृताला, म्हणजे लिव्हरला धोका. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. दारूची सवय, लिव्हरचा आजार किंवा वजन कमी असेल तर मर्यादा त्याहूनही खाली येते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड: सूज आणि दुखणं दोन्हीवर. लोक ज्याला "स्ट्राँग" म्हणतात ते बहुतेक यातलंच. यांचा त्रास पोटाला होतो, अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, ब्लडप्रेशर वाढू शकतं.

अ‍ॅस्पिरिन: डिस्प्रिनमधलं औषध. रक्त गोठण्यावर परिणाम करतं. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत.

मिश्र गोळ्या: कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटॅमॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटॅमॉल असतंच.

ट्रामाडॉल: हे वेगळंच प्रकरण. सवय लागू शकते. याला हात लावण्याआधी पुढचा कायद्याचा भाग वाचा.

लावायची औषधं: बाम, जेल, स्प्रे. यात काही आयुर्वेदिक, काही अ‍ॅलोपॅथिक.

मिश्र गोळ्यांची गंमत नाही, गडबड बघा. एका माणसाला ताप आहे. तो दिवसात चार वेळा ६५० ची गोळी घेतो. झाले २६०० मिलिग्रॅम. सर्दीही आहे, म्हणून दुसऱ्या दुकानातून सर्दीची गोळी आणली. समजा तिच्यात ५०० पॅरासिटॅमॉल आहे आणि ती तो तीन वेळा घेतो. झाले १५०० मिलिग्रॅम. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. वरची मर्यादा ओलांडली आणि त्याला वाटतंय, आपण दोन वेगवेगळी औषधं घेतली! ही चूक ग्राहकाची नाही. दोन्ही नावांत त्याला "पॅरासिटॅमॉल" ऐकूच आलं नाही.

४. कायदा काय म्हणतो?

आपण सर्रास "ओटीसी" म्हणतो. म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध. पण आपल्याकडे औषध कायद्यात ओटीसी औषधांची अशी वेगळी यादी नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांत उलट्या बाजूने विचार केलाय. कोणती औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, त्यांच्या याद्या आहेत. त्यांना शेड्यूल म्हणतात.

* शेड्यूल एच: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावर "आरएक्स" चिन्ह, डावीकडे उभी लाल रेघ आणि इशारा असतो. डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड अशा पोटात घ्यायच्या बऱ्याच "स्ट्राँग" गोळ्या इथे येतात.
* शेड्यूल एच-१: चिठ्ठी तर हवीच, शिवाय वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं याची नोंद ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. ट्रामाडॉल यात आहे. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. "ओळखीचा आहे, देऊन टाक" हा प्रकार इथे थेट तुरुंगाच्या दिशेने जातो.
* साधी पॅरासिटॅमॉल चिठ्ठीशिवाय देता येते. लावायच्या डायक्लोफिनॅक जेललाही शेड्यूल एचमधून सूट आहे. पण परवाना लागतोच.

काउंटरवर रोज काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. शेड्यूल एचच्या गोळ्या सगळीकडे चिठ्ठीशिवाय विकल्या जातात. "सगळेच देतात" हे खरं आहे. पण तपासणीला औषध निरीक्षक येतात तेव्हा ते सगळ्यांची नाही, तुमची बिलं बघतात.

दुसरी गोष्ट, फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यायचं असतं, निदान त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. बाजारात "सर्टिफिकेट भाड्याने" मिळतं, हे मला नवशिके उद्योजक दबक्या आवाजात विचारतात. मी स्पष्ट सांगतो, करू नका. बेकायदेशीर आहे, हे एक कारण. दुसरं धंद्याचं कारण पुढे येतंय. ज्या माणसाच्या ज्ञानावर तुमचा ग्राहक टिकणार आहे, तोच माणूस दुकानात नसेल तर तुम्ही विकताय काय? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांमध्ये ग्राहकाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच म्हणून लिहिलंय.

किराणा दुकान चालवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: "सर, दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवल्या तर चालतील का?" परवान्याशिवाय नाही. एक सवलत आहे, ती नीट समजून घ्या. हजारापेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावात पॅरासिटॅमॉल, अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामक बाम अशी काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. नियमांच्या शेड्यूल केमध्ये ही यादी आहे. अट अशी की माल परवानाधारक उत्पादक किंवा घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि मूळ पाकीट न फोडता विकायचा. शहरातल्या किंवा मोठ्या गावातल्या किराणा दुकानाला ही सूट नाही.

मग किराणावाल्याने काय ठेवावं? आयुर्वेदिक परवान्यावर बनलेले बाम. त्यांच्या विक्रीला वेगळा परवाना लागत नाही. या बाजाराला कमी समजू नका. १८९३ साली मुंबईत सुरू झालेला अमृतांजन आजही दुकानादुकानांत विकला जातो. बाटलीवर "आयुर्वेदिक औषध" लिहिलंय का, एवढं बघून माल भरा.

५. तीन प्रश्न

आता मुख्य भाग. तुमच्या दुकानात पेनकिलर मागितली की गोळी देण्याआधी तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. जास्त नाही, तीनच.

पहिला प्रश्न: "कुणासाठी हवीय?"

लहान मूल असेल तर वजनाप्रमाणे प्रमाण बदलतं, मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा उपाय नाही. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. बाई गरोदर असेल तर बऱ्याच पेनकिलर चालत नाहीत, तिला डॉक्टरांकडेच पाठवायचं. आजी-आजोबा असतील तर तिसरा प्रश्न जास्त काळजीने विचारायचा.

दुसरा प्रश्न: "कधीपासून दुखतंय? आणि आत्तापर्यंत काय काय घेतलंय?"

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दुहेरी पॅरासिटॅमॉल चाललंय का. दुसरी, गोळीची सवय लागलीय का. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर, किंवा दहा-एक दिवस मिश्र गोळी, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळीमुळेच डोकेदुखी होऊ शकते. हे डॉक्टरांच्या पुस्तकात मान्य झालेलं निदान आहे. म्हणजे माणूस डोकं दुखतं म्हणून गोळी घेतो, आणि गोळी घेतो म्हणून डोकं दुखतं. "स्ट्राँग द्या" म्हणणाऱ्यांपैकी काही जण याच चक्रात असतात. त्यांना आणखी स्ट्राँग गोळी दिली तर चक्र आणखी घट्ट होतं.

तिसरा प्रश्न: "बीपी, शुगर, किडनी, अ‍ॅसिडिटी, दमा, रक्त पातळ होण्याची गोळी, यातलं काही चालू आहे का?"

उत्तर "हो" आलं की डायक्लोफिनॅकच्या कुळातली गोळी परस्पर द्यायची नाही. फार्मासिस्टने बघायचं किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं.

पावसाळ्यात एक गोष्ट जास्तीची. ताप आणि अंगदुखी घेऊन येणाऱ्यांमध्ये डेंग्यूचे पेशंट असू शकतात. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या असतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून जून ते ऑक्टोबर "अंग दुखतंय, काहीतरी द्या" याला तुमच्या दुकानाचा पहिला प्रश्न "ताप आहे का?" हाच हवा.

आणि काही वेळा गोळी द्यायचीच नाही. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ येतेय, घाम फुटलाय. अचानक कधी नव्हे एवढं डोकं दुखतंय. तापाबरोबर मान आखडलीय. शौचाला काळं होतंय. तीन दिवस झाले ताप उतरत नाही. इथे विक्री थांबवायची आणि दवाखाना सांगायचा. छातीत दुखणं असेल तर तिथेच बसवून १०८ ला फोन.

६. हे मी एवढं पोटतिडकीने का सांगतोय?

माझे एक काका. वय साठीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, गुडघेदुखी जुनी. कधीतरी डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी एक पेनकिलर लिहून दिली. गुण आला. काकांनी रिकामी स्ट्रिप खिशात ठेवली. संपली की घराजवळच्या मेडिकलमध्ये जायचं, स्ट्रिप दाखवायची, नवीन घ्यायची. रोज एक गोळी, अडीच वर्षं.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. काकांना नावाने ओळखायचा, खुर्ची द्यायचा, कधी सुट्टे नसले तर "उद्या द्या" म्हणायचा. काकांची बीपीची गोळीही तोच द्यायचा. म्हणजे दोन्ही औषधं एकाच काउंटरवरून, एकाच हाताने जात होती. अडीच वर्षांत एकदाही त्याने विचारलं नाही, "काका, ही रोज घेताय का? डॉक्टरांना माहीत आहे का?"

पायावर सूज आली तेव्हा तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी घेता का?" काका म्हणाले, "ती काय, साधी मेडिकलमधली." गोळी बंद झाली. डायलिसिसपर्यंत वेळ आली नाही, पण किडनी पूर्वीसारखी झाली नाही. आजही दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं एकही औषध त्या दुकानातून येत नाही. भांडण झालं नाही, कुणी जाऊन बोललं नाही. फक्त जाणं थांबलं. त्या दुकानदाराला अजूनही वाटत असेल, हे लोक ऑनलाइन घेत असतील.

उद्योजक म्हणून या गोष्टीतलं हे शेवटचं वाक्य परत वाचा. नाराज ग्राहक तक्रार करत नाही. तो येणं बंद करतो.

७. आता पैशांचा हिशोब

भावना बाजूला ठेवू. वहीत आकडे मांडू. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, जीएसटी बाजूला ठेवून ढोबळ.

पॅरासिटॅमॉल ६५० ची १५ गोळ्यांची स्ट्रिप साधारण ३० रुपयांची. या औषधाच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. अशा औषधांत किरकोळ दुकानदाराला साधारण १६ टक्के मार्जिन मिळतं. म्हणजे स्ट्रिपमागे पाच रुपयेही नाहीत. मर्यादेबाहेरच्या ब्रँडेड औषधांत साधारण २० टक्के.

मोह कुठे आहे? समजा एखादी फारसं नाव नसलेली मिश्र पेनकिलर आहे. एमआरपी ६० रुपये, तुम्हाला पडते १५ रुपयांना. स्ट्रिपमागे ४५ रुपये! "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणाऱ्या ग्राहकाला हीच द्यावी असं कुणालाही वाटेल. महिन्याला अशा दहा स्ट्रिप गेल्या तर ४५० रुपये.

दुसरी बाजू. बीपी आणि शुगरची औषधं घेणारं एक कुटुंब. महिन्याचं बिल समजा १५०० रुपये. १६ ते २० टक्क्यांनी तुमचे सुटतात २४० ते ३०० रुपये. सरासरी २५० धरा. वर्षाचे ३,०००. असं कुटुंब दहा वर्षं टिकलं तर ३०,०००. अशी दोन कुटुंबं तुटली की महिन्याचे ५०० रुपये गेले. म्हणजे त्या दहा स्ट्रिपांची कमाई धुऊन निघाली, वर ५० रुपयांचा खड्डा.

गैरसमज नको. जेनेरिक औषध वाईट नसतं. घटक तोच, दर्जा नीट, तर काम तेच आणि ग्राहकाचे पैसे वाचतात. चूक जेनेरिक विकण्यात नाही. ग्राहकाला काय हवंय याऐवजी आपल्याला काय सुटतंय हे बघून औषध निवडण्यात आहे. पॅरासिटॅमॉलने भागत असताना मार्जिनसाठी मिश्र गोळी देणं, ही ती चूक.

पेनकिलरचा ग्राहक तुमच्याकडे पाच रुपये घेऊन येतो आणि तुमची परीक्षा घेऊन जातो. तुम्ही नीट वागलात तर पुढच्या महिन्यात तो आईची बीपीची चिठ्ठी घेऊन येतो.

८. दुकानात लावायच्या सवयी

1. घटकाचं नाव उच्चारा. "ही घ्या डोलो" असं नको. "ही पॅरासिटॅमॉल आहे, ६५०. सर्दीची गोळी घेत असाल तर तिच्यातही हेच असतं का, बघून घ्या." दहा सेकंद लागतात.

2. गरजेपुरतंच द्या. दोन दिवसांचं दुखणं असेल तर दोन दिवसांच्याच गोळ्या. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटॅमॉलचं पाकीटच कायद्याने लहान केलं: साध्या दुकानात १६ गोळ्या, फार्मसीत ३२. त्यानंतर या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू कमी झाल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं. घरात ढीग पडून नसणं हीच सुरक्षा असते.

3. स्ट्रिप कापताना भान ठेवा. बॅच नंबर आणि एक्सपायरीची बाजू शेवटपर्यंत दुकानात राहू द्या. सुट्ट्या गोळ्या छोट्या पाकिटात घालून त्यावर औषधाचं नाव, एक्सपायरी आणि कसं घ्यायचं ते मराठीत लिहा. सुट्टी गोळी स्ट्रिपच्या प्रमाणात पडणाऱ्या भावापेक्षा महाग विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

4. लाल रेघेच्या गोळ्या ग्राहकाला दिसतील अशा ठेवू नका. काउंटरवर बाम, गरम पाण्याची पिशवी, क्रेप बँडेज ठेवा. यात मार्जिनही बरं असतं आणि धोका कमी.

5. रिकामी स्ट्रिप दिसली की थांबा. वाक्य पाठ करून घ्या: "काका, डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलं होतं?" उत्तर एक वर्षापूर्वीचं असेल तर, "एकदा दाखवून या, मी आहेच इथे."

6. बिल द्या. दोन गोळ्यांचंही. बिलावर तुमचा फोन नंबर असतो, आणि फुकटची जाहिरात याहून स्वस्त नाही.

7. नकार द्यायला शिका. "देत नाही" असं तोडून नको. "ही चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि तुमच्या बीपीला ती बरोबरही नाही. आत्ता डॉक्टर कुठे बसलेत ते सांगतो." जवळच्या दवाखान्यांच्या वेळा काउंटरवर लावून ठेवा. नकारातही मदत दिसली पाहिजे.

आणि हे सगळं काउंटरवरच्या पोराने तोंडपाठ म्हणून दाखवायचं नाही. प्रश्न कुणीही विचारू शकतो, उत्तरावरून औषध ठरवायचं काम फार्मासिस्टचं. मालकाचं काम आहे तो माणूस दुकानात हजर ठेवणं आणि त्याला "विक्री कमी झाली तरी चालेल" हे स्पष्ट सांगणं.

गृहपाठ

* तुमच्या घरातलं औषधाचं खोकं उघडा. प्रत्येक स्ट्रिपवरचा घटक वहीत लिहा. पॅरासिटॅमॉल किती नावांनी निघालं? लाल रेघेच्या किती निघाल्या?
* ओळखीच्या मेडिकलमध्ये परवानगी घेऊन एक संध्याकाळ बसा. वर सांगितलेले पाच प्रकारचे ग्राहक ओळखा. दुकानदाराने किती जणांना प्रश्न विचारला, त्याच्या खुणा करा.
* तुम्ही मेडिकल टाकणार नसाल तरी हाच प्रश्न स्वतःच्या धंद्याला लावा. पंक्चरवाला, मोबाइल रिपेअरवाला, प्लंबर, यांच्याकडेही ग्राहक अडलेला असतानाच येतो. अडलेल्या माणसाला तुम्ही काय विकता?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत प्रामाणिकपणे लिहा. कुणाला दाखवायची गरज नाही.

आणि आज घरी गेल्यावर एक काम नक्की करा. आई-बाबांना विचारा, "गुडघ्याची गोळी रोज घेताय का?" आमच्या घरात हा प्रश्न विचारायला अडीच वर्षं उशीर झाला.

पुढच्या भागात मेडिकलसाठी स्टॉकिस्ट कसा निवडायचा आणि एक्सपायरी माल परत कसा करायचा ते बघू. भेटूया!